कोर्ट उठेपर्यंत

अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक प्रश्न आहे,
होय आणि नाही यांच्यामध्ये बोटभर पांढरी जागा.
कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत
फैजान माउसवर हात ठेवून थांबलाय.
"ताई, 'नाही' टाकू ना? अकरा वर्षं झाली. कोण उकरतंय!"
थांब जरा, मी म्हणते.
तो थांबतो. त्याच्या तासाचे चाळीस रुपये.

मला हवंय ते एवढंच:
फेब्रुवारीत रॉटरडॅमला जाताना
विमानतळावरच्या त्या लांब रांगेतून सुटका.
काचेचं फाटक, बोटांचे ठसे, आत.
फार तर पाऊण तास वाचेल.
अशा माणसांना म्हणतात विश्वासू प्रवासी.
शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा
मी उगाच ओढणी सारखी केली.

तेव्हाही फेब्रुवारीच होता.
मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये रात्रभर
थॉमसनच्या मण्यांची साखर मोजून निघाले,
काचा बंद, हीटर चालू,
म्हसरूळच्या अलीकडे डोळा लागला.
किती वेळ? आरोपपत्रात लिहिलंय 'हयगयीने'.
माझ्या हिशेबाने एक जांभई, तीही अर्धी.
मग एम-एटी आडवी, दोन कॅन आडवे
आणि डांबरावर दूध,
इतकं, की आधी वाटलं धुकंच खाली बसलं.
दुधापलीकडे मखमलाबादचे रंगनाथ पिंगळे,
डाव्या हाताने उजवा खांदा धरून,
मला काही बोलत नव्हते,
कुत्र्यांना हाकलत होते.

वकील म्हणाले, कबूल करा, एका दिवसात मिटेल.
मिटलं. दीड हजार दंड
आणि शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद.
मला वाटलं, नुसती बोलायची पद्धत असेल.
शिपायाने बाकाकडे बोट दाखवलं.
साडेअकरा ते पावणेसहा मी कैदी होते,
मेहेर सिग्नलच्या जवळ,
करकरणाऱ्या पंख्याखाली, पर्स मांडीवर.
पिंगळे साक्षीला आलेले. साक्ष लागलीच नाही.
तरी गेले नाहीत.
खांद्याच्या वर जात नव्हता तो हात,
त्याच हाताने मधल्या सुट्टीत चहा पुढे केला.
तुम्ही कशाला थांबलात, विचारलं तर म्हणाले,
"घरी सांगितलंय दिवस जाईल म्हणून.
लवकर गेलो तर म्हशी माझ्याच गळ्यात."
न्यायाधीश उठले. सगळे उठले.
आम्हीपण उठलो.
तीच सुटका.

गेल्या महिन्यात निकालाची नक्कल काढली.
कारकुनाने लाल फडक्याची गाठ सोडली,
धूळ फुंकली, नेमकी माझ्या बाजूला.
"आता कशाला लागली?"
विमानतळासाठी, म्हटलं.
त्याने चष्म्यावरून पाहिलं
आणि पुन्हा एकदा फुंकलं.
निकाल दीड पानाचा. त्यात दूध नाही.
धुकं नाही, चहा तर नाहीच.
'आरोपीस पश्चात्ताप झाल्याचे दिसते' असं एक वाक्य आहे,
'दिसते'वर शिक्का बसलाय, वाचता येत नाही.

होय टाक, फैजान.
तो माझ्याकडे बघतो, मग टिचकी मारतो.
खाली नवा चौकोन उघडतो:
तपशील द्या, अडीचशे अक्षरांत.
मी सांगते, तो टाइप करतो,
कोपऱ्यातला लाल आकडा उलटा पळतो.
वर्ष. कलम. दंड.
"कैद किती? इथे दिवस मागतायत, तास घेत नाही."
एक.
"शून्य टाकलं तरी पुढे सरकतंय, ताई."
एक टाक.

शेवटी पिंगळ्यांचं नाव बसत नाही.
"नाव कुठे विचारलंय पण?" फैजान म्हणतो.
खरंय, नाही विचारलेलं.
मी पहिल्या ओळीतलं 'दुर्दैवाने' खोडायला सांगते.
आता बसतं.

उत्तर कधी येईल ते लिहिलेलं नाही.
फैजान पावती छापतो, घड्याळ बघतो.
दोन तास झाले.
ऐंशी रुपये.