जरा कळ काढ

अकरा दिवस पेटी गप्प होती.
आस्लाकनं फोन केला, नेहमीसारखा, नमस्काराशिवाय:
तुमचा आकडा हलत नाही, राइली.
तळ्यावर बर्फ एकेचाळीस सेंटिमीटर म्हणतो,
थंडी एवढी पडली तरी एकेचाळीसच.
आम्ही आपले हातानं भोकं पाडून बघतोय.

उणे एकतीस. स्नोमोबाइलवर दीड तास.
दुपारचे बारा, आणि उजेड म्हणाल तर निळसर, उसना.
झाकणाचे चार स्क्रू उघड्या बोटांनी,
मध्येमध्ये बोटं काखेत.
लॅपटॉप कोटाच्या आत, पोटाशी,
आजारी मांजर न्यावं तसा.
सिरीयल केबल वाळक्या काटकीसारखी ताठ.

पडद्यावर एक बाण
आणि लुकलुकणारा चौकोन.
एवढंच. जळलं काही नव्हतं, तुटलंही नव्हतं.

वीज गेली असणार, मग आली असणार.
बूटलोडर जागा झाला, नियमाप्रमाणे म्हणाला:
थांबवायचं असेल तर कुठलीही कळ दाबा.
तीन.
दोन.
आणि दोन-एकच्या मधल्या फटीत
कुणीतरी कळ दाबली.

कुणी? चाळीस किलोमीटरांत माणूस नाही.
कोरडं हिम पत्र्याला घासत होतं,
मोकळ्या सोडलेल्या तारेत ठिणगीएवढी कुजबुज झाली,
आणि पेटीला वाटलं, अक्षर आलं.
मग ती कामाला लागलीच नाही.
सांगा, म्हणाली, काय करू?
अकरा दिवस हात जोडून: सांगा.

तूरे, हे तीन सेकंद तुझे.
नऊ वर्षांपूर्वी तूच टाकलेस, मी टॉर्च धरून होते.
शून्य ठेव ना, मी म्हटलं, वीज आली की सुटू दे सरळ.
तू नेहमीप्रमाणे आधी काहीच बोलला नाहीस.
मग म्हणालास, जरा कळ काढावी यंत्रानंही.
न जाणो, कुणाला काही सांगायचं असलं तर.

तुझं सगळं तसंच.
कँटीनमधली मेर्वी विचारायची, दूध?
तू गप्प. ती पुन्हा विचारायची, साखर?
तेव्हा तू म्हणायचास, हो, दूध.
वर्षभर तू बिनसाखरेची कॉफी प्यायलास, तक्रार न करता.

आणि मार्चमध्ये, त्या पांढऱ्या खोलीत,
मी विचारलं, दुखतंय का फार,
आणि तुझे ओठ हलायच्या आत
मीच म्हणून टाकलं, नाही ना?
किती सेकंद झाले असतील. एक. दीड.

असो. बोटं बधिर होत होती.

वेळ शून्य करता येते.
उणे दोन लिहिलं तर ती कुणाचंच ऐकत नाही,
वाऱ्याचं नाही, माझंही नाही.
पण मग पुढच्या वेळी बिनसलं
तर दार नाही, नुसती भिंत,
अख्खा बोर्ड उपटून दोनशे किलोमीटर न्यायचा.

मी तीन तसेच ठेवले.
फक्त कळ काढून टाकली, तिच्या जागी शब्द घातला.
वाऱ्याला एखादं अक्षर जमतं;
सहा अक्षरं, ओळीनं, एकही न चुकता,
त्याला ओळखच लागते.
मोकळी तारही एका रोधानं बांधून टाकली,
जे आपण तेव्हाच करायला हवं होतं.

सेव्ह. दोनदा वाचून बघितलं. वीज काढली, दिली.
तीन. वाऱ्यानं पत्रा खाजवला.
दोन. मी हात मांडीखाली घेऊन बसले.
एक.
आणि ओळी धावल्या, भराभर,
बांध फुटल्यावर पाटातनं पाणी धावावं तशा.

जवळचा माणूस म्हणून शब्द आस्लाकला सांगून ठेवला.
फोनवर बराच वेळ नुसती खरखर.
मी मध्ये बोलले नाही.
मग म्हणाला, ही तर त्याची कुत्री.

फळ्यावर आता चोपन्न.
आस्लाकच्या भोकात त्रेपन्न भरलं.
त्या एका सेंटिमीटरवरून तो अजून भांडतो.