खाडा

मेसच्या वहीत मी लिहिलं होतं ओर्ला.
गावाने आठ दिवसांत त्याचं करून टाकलं उरली.
तिलाही चाललं ते.
आयर्लंडहून आली होती, तलावांचा अभ्यास करायला.
पाटकऱ्याच्या मागे मागे पाळीवरून फिरायची,
तुडुमात वाकून मापं घ्यायची,
आणि दोन वेळा माझ्याकडे जेवायची.
महिन्याचे चोवीसशे, खाडे वजा.

आधी तिखटाने डोळे गळायचे, तरी ताट पुढे.
पाचव्या महिन्यात मलाच म्हणाली,
काकी, आज डाळीत मिरची कमी पडली.

फेब्रुवारी सरताना निरोपाची पंगत बसली
शाळेच्या पटांगणात.
मासोळीचा रस्सा, लाखोरीचे वडे, हिरानखीचा भात.
काहल म्हणून तिचा सोबती होता, लाल दाढीचा,
तो पंगतीत मीठ वाढत गेला,
प्रत्येकाला दोनदा.

मग दंडार झाली. भिवराम शहारेची ढोलकी,
लुगडं नेसलेला त्याचा भाचा, गर्रकन फिरला की
पोरं पत्रावळीसकट उठायची.
"आता तुमच्या गावचं दाखवा काही,"
सरपंचबाई म्हणाल्या.

उरली उठली. टाच आपटली.
माती. आवाजच नाही, नुसती धूळ.
"लाकूड पाहिजे," म्हणाली,
"आमच्याकडे जुन्या काळी घराचं दार काढायचे,
आडवं टाकायचे, त्यावर नाचायचे."
सगळी पंगत माझ्याकडे वळली.
बाकीच्यांची दारं पत्र्याची, घरकुलातली.
सागाचं एकटं माझं.

चौघांनी कडीसकट उचलून आणलं.

काहलने खिशातून पत्र्याची बासरी काढली,
टिचभर, पण आवाज पार तलावापलीकडे.
उरली दारावर उभी. हात अंगालगत, सरळ.
मान हलेना, खांदे हलेनात,
आणि पाय जसे दुसऱ्याच कोणाचे,
त्या बाईची गाडी सुटत असावी.
बायांना हसू आलं. पदर तोंडात गेले.
तेवढ्यात येमूबाई हळूच म्हणाली,
"गुंडी आहे तिच्या डोक्यावर."

आणि दिसली आम्हाला.
काठोकाठ भरलेली. थेंब सांडू देत नव्हती पोरगी.
मग कोणी हसलं नाही.
पाळीवरून घरी येताना आमचंही हेच असतं,
वर सगळं जागच्या जागी
आणि खाली काटा, गोटा, विंचू, जे असेल ते.

भिवरामने बोटांवर मोजलं.
"सहाचीच आहे," म्हणाला, "तं मंग आपलीच आहे,"
आणि ढोलकी ओढली मांडीवर.
बासरी एक, ढोलकी एक, टाचा दोन,
आणि मध्येच माझ्या दाराची कडी,
तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी वाजत होती.

त्या रात्री बिनदाराची झोपले.
एकटी बाई मी, बारा वर्षं कडी लावूनच झोपते.
मांजरीने दूध संपवलं. कुत्रं उंबऱ्यावर येऊन पडलं.
मला मात्र गाढ झोप.

सकाळी साकोलीची जीप. ती हिशेबाला आली.
अकरा खाडे, पैसे परत द्यायला लागले,
तर म्हणाली, "राहू द्या ना वो काकी,"
हुबेहूब आमच्यासारखं.
पावशेर लाखोरीची डाळ बांधून दिली होती.
विमानतळावर काढून घेतली म्हणे.

दार परत बसवलं. टाचांचे खड्डे आहेत, तिळाएवढे.
शेजारची पोरं बोट ठेवून मोजतात,
दर वेळी आकडा वेगळा.

वहीचं सांगायचं राहिलं.
ती गेली त्या सकाळी हाताने सवयीने लिहिलं,
उरली, खाडा.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
मार्च भरला, बेरजेला बसले, एकतीस खाडे.
चोवीसशेतून चोवीसशे गेले.
देणं नाही, घेणं नाही.

एप्रिलचं पान आखलं
आणि पहिलं नाव तिचंच पडलं.