पहिलं वरण

आमच्या तालुक्याच्या नावातच दर्या आहे.
वरची माती काळी, उन्हाळ्यात भेगाळते, बैलाचा खूर अडकतो,
आणि पन्नास हात खाली
कुणाचा तरी समुद्र विसरून राहिलेला.
त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही,
चहा फाटतो,
नवी सून केस धुवायला बसते आणि रडते,
साबणाला फेसच येत नाही.

अशा गावात आमची विहीर. गोडी.
ढग्यांची गोडी म्हणतात, पार पूर्णेपलीकडे.
खापरपणज्यानं सात ठिकाणी खणलं, सातही ठिकाणी मीठ.
आठव्या ठिकाणी
त्यानं ओंजळ तोंडाला लावली
आणि काहीच बोलला नाही.
त्याचं ते गप्प राहणं आमच्या घरी
देव्हाऱ्यातल्या टाकांइतकं जपलेलं.

पहाटेच्या पहिल्या बारा घागरी गावाच्या,
तेरावी घराची.
अंगात ताप असला तरी काकाजींनी हे मोडलं नाही.
काठाच्या दगडाला दोरानं पडलेल्या सव्वीस खाचा.
मी प्रत्येकीत करंगळी घालून पाहिली आहे.

आणि जोत्याखाली, पायरीच्या बाहेर
एक दगडी डोणी.
ज्यांना दोराला हात लावू देत नव्हते
त्यांच्यासाठी वरून पाणी ओतायचे तिच्यात.
वाटणी झाली तेव्हा भावाभावांनी
गंगाळ घेतलं, सागाचं कपाट घेतलं,
भिंतीवरचं घड्याळ बंद होतं तरी घेतलं.
विहिरीचे वार वाटले. बुधवार आणि शनिवार आमचे.
डोणी कुणी मागितली नाही.
अजून तिथंच आहे.

घरातली मुलगी सासरी निघते
तेव्हा तिच्यासोबत गोडीच्या पाण्याची हंडी.
तांब्याची, तोंडाला पिवळं फडकं, सुतळीची ओली गाठ.
सासरच्या चुलीवरचं पहिलं वरण त्याच पाण्याचं.
आत्याची हंडी बैलगाडीतून गेली.
माझी सुमोतून.
पुलावर खड्डा आला
तेव्हा नवऱ्यानं आधी हंडी धरली, मग मला.

डाळ टाकली.
तास झाला. दोन झाले.
दाणे पातेल्यात खडखडत होते
टिनावर गारा पडाव्या तसे.
बाहेर पंगतीला चौदा माणसं,
मामंजी तिसऱ्यांदा हात धुऊन आलेले.
मी हंडीतलं उरलेलं पाणी चाखलं.
खारं.
म्हणजे बाकीच्या विहिरींएवढं नाही.
पण खारं.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.
फडताळातून डबी काढली,
चिमूटभर सोडा,
डबी परत जागेवर.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
पंगतीत मात्र मोठ्यानं म्हणाल्या,
‘ढग्यांच्या गोडीचं वरण आहे, लाजू नका, वाढून घ्या.’

रात्री पंचफुला आत्याचा फोन.
‘शिजलं काय व?’
‘शिजलं ना. लोण्यावाणी.’
पलीकडे थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर.
मग ती म्हणाली,
‘सोडा किती लागला?’

इतक्या हसलो आम्ही, की नवरा उठून बसला.
तिच्या वेळी पापडखार होता.
तिच्या आत्यानं, गुंफाबाईनं म्हणे
लुगड्याच्या ओच्यात राखेची पुरचुंडी नेली होती.
‘आन् खापरपणजा?’ मी विचारलं.
‘तो कुठी काय बोलला होता?’

आता गावात नळ आहे, आठवड्यातून एकदा येतो.
गोडीवर बारा घागरी भरायला बारा माणसं नसतात,
काकाजींचा मुलगा तरी बारा ओढतो
आणि उरलेल्या निंबाच्या बुडाशी ओततो.
वैशाखात निकिताचं लग्न आहे, चुलतबहीण.
हंडीला कल्हई झाली.
बुधवार आमचा, तेव्हा दोर मी ओढणार.
पर्समध्ये एक छोटी डबी ठेवली आहे.
तिला केव्हा द्यायची
ते अजून ठरत नाही.