ढील

नववी ब-मध्ये दुसऱ्या तासाला
शिवकन्या धापसेनं विचारलं,
'सर, टेन्शनला मराठीत काय म्हणतेत?'
मागून कुणीतरी ओरडलं,
'येडी का, टेन्शन मराठीच हाय की!'

खरं होतं.
माझ्या मायला अक्षर येत नाही,
टेन्शन येतं.
'आलं का रं टेन्शन? च्या टाकू?' म्हणते,
जसा काही पाव्हणाच उतरलाय
सोनपेठच्या बसमधून.

घरी जाडा कोश उघडला.
लॅटिनमधलं एक क्रियापद: ताणणे, पसरणे.
त्याच्या पोटी टेन्शन, त्याच्याच पोटी टेन्ट.
आणि मागे, फार मागे,
जिथे कोशकार शब्दाआधी चांदणी काढतो
(म्हणजे लिहिलेलं कुणी पाहिलेलं नाही, अंदाज आहे),
तिथे एकाच ओसरीवर बसलेत
आपला ताण, तंतू,
आणि तनु, ताणून ताणून बारीक झालेली.
तंबूचा तणावा तेवढा अरबस्तानातून आला म्हणतात.
नातं नसताना तोंडवळा जुळतो कुणाकुणाचा.

आठ वर्षं विनाअनुदानित शिकवतो.
पाचनंतर मोंढ्यामागे,
न्यू डेक्कन टेन्ट हाऊस.
खाजामियाँनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
'मास्टर, टेन्शन दोरी को देव,
खुद नक्को लेव.'
कोशबिश न उघडता.

काल वालूर रोडला साखरपुड्याचा मंडप.
चाळीस बांबू, काळी माती,
खुंटी धरता धरत नव्हती.
मी आवळत सुटलो,
अजून एक पीळ, अजून एक,
तळहात सोलले.
मागून खाजामियाँ
माझी एकेक गाठ बोटभर सैल करत येत होते.
'रात को दव गिरता.
सुती दोर भिजला की आखडतो मास्टर,
खुंटी उखाड लेता खुदच.'

झोप लागली नाही.
अनुदानाची तारीख पुन्हा पुढे गेलेली.
पहाटे सायकल काढून मंडपाकडे गेलो.
दोर ताठ, थेंबांनी लगडलेले.
ती बोटभर ढील
रात्रीनं केव्हाच वापरून टाकली होती.
करंगळीनं छेडला एक,
वाजला.

ढीलला इंग्रजीत काय म्हणतात
तेही शोधलं मग, शिवकन्येसाठी.
आहे, शब्द आहे.
सेलूच्या स्टँडवर
अजून उतरलेला नाही.