लाल पेन्सिल

कुताइसीत, बाजारामागच्या गल्लीत,
त्सिउरी मास्तरीण कागदातून चीज सोडवते
आणि ओलं वर्तमानपत्र चुलीशेजारी वाळत घालते.
मग चष्मा. मग लाल पेन्सिल.

मथळ्यात तीन बुडाले, खाली पाच.
रिओनीवरचा पूल बांधला कुणी, विचारलेलं नाही.
बुडालेल्यांची नावं नाहीत,
मंत्र्याच्या टायचा रंग मात्र आहे.
ती गोल करत जाते
आणि कागदाला गोवर आल्यासारखं दिसू लागतं.

शेवटी बातमीदाराचं नाव : मालखाझ.

तो हिवाळा. वीज नाही, आठ महिने पगार नाही,
वर्गात सगळे कोट घालून.
मालखाझने निबंधाचा कागद कोराच दिला होता.
संध्याकाळी त्याच्या बापाने दाराशी
मक्याच्या पिठाचं पोतं टेकवलं,
बोलला काहीच नाही.
तिने पाचापैकी चार दिले.
भाकरी छान झाली होती,
हेही तिला आठवतं.

पेन्सिल थांबते.
टोक काढायला ती सुरी घेते,
काढत राहते, बोथट नसतानाही,
आणि लाल भुसा
त्या पाच माणसांवर पडत राहतो,
की तीन.