तिसरं घर

एकतीस वर्षं मी फळ्यावर तेच वर्तुळ काढलं.
आत राजा, कायदा, कोतवाल, कुलूप.
बाहेर काहीच नाही.
खडू झटकून म्हणायचे :
राष्ट्रांच्या वर कुणी नसतं.
रात्री अकराला जाऊन दार ठोठवावं
असं एकही ठाणं नसतं त्या रस्त्यावर.
म्हणून जो तो उशाशी काठी घेऊन निजतो,
आणि शेजाऱ्याच्या उशाशी काठी दिसली
की आपली वीतभर लांब करून घेतो.
मुलं उतरवून घेत. पाच गुणांचा प्रश्न.

उदाहरणाला लांब जावं लागत नसे.
काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली पाहिलं
की विश्वामित्रीच्या गाळावर
मगर पहुडलेली, जबडा सताड उघडा.
मोठा मासा, लहान मासा,
या न्यायाला आपल्याकडे फार जुनं नाव आहे,
मी सांगायचे, बाहेरून आणायला नको.

एकदा मागच्या बाकावरून हेतल राठवा,
छोटाउदेपूरची, होस्टेलवर राहणारी,
वर्षभर एक अक्षर न बोललेली,
म्हणाली, मॅडम, अंगात ऊन जास्त झालं
की ती जबडा उघडते. चावायला नाही.
वर्ग हसला. मीही.
मग म्हटलं, खरं आहे तुझं,
पण पुलावरून ते कळत नाही,
आणि सगळी राष्ट्रं पुलावरच उभी असतात.
हे वाक्य त्या दिवशी मला फार आवडलं होतं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या श्रावणात
आमच्या गल्लीत पाणी शिरलं, घोट्याएवढं.
ओसरलं तसा फणशांनी फाटकाशी
दोन फुटांचा बांध घातला.
‘तुमच्याविरुद्ध नाही हो, पाण्याविरुद्ध.’
मला पटलं. खरंच पटलं.
तरी गवंड्याला विचारलं, तीन फुटांचे किती घेशील?
भाद्रपद लागेतो फणसे साडेतीनवर.
ऋषीपंचमीची भाजी आम्ही एकमेकांना दिलीच,
वाडगी बांधावरून,
जरा चवड्यांवर उभं राहून.

पुढच्या वर्षी आजव्याचं पाणी सोडलं.
रात्रभर ते गल्लीत जागा शोधत फिरलं.
माझी फरशी कोरडी. फणशांची कोरडी.
टोकाला, उतारावर, कमुबेनचं घर.
बांध नव्हता, कारण गवंड्याला द्यायला
शिलाईचे अठराशेच होते तिच्याकडे.
तिथं छातीएवढं.
यंत्र बुडालं. नवरात्राच्या चनियाचोळ्या
रंग सोडून एकमेकींत मिसळल्या.

कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.
हेच तर शिकवत आले होते मी :
वाईट मनात असावंच लागत नाही.
फळ्यावर हे वाक्य कोरडं राहायचं, इतकंच.

उजाडता तिच्या ओट्यावर मगर.
दोर घेऊन नेहमीची तीन पोरं आली.
एकानं ओलं पोतं अलगद
तिच्या डोळ्यांवर टाकलं, आणि शेपूट थांबलं.
‘दिसेनासं झालं की शांत होते,’ तो म्हणाला,
जसं काही हे कुणालाही ठाऊक असतं.
मी बांधाच्या आत, अनवाणी.
आम्हाला दिसेनासं झालं
की आम्ही विटा मोजायला घेतो.

परवा गवंडी आला होता, फणशांनी बोलावलेला.
मी त्याला हळूच विचारलं,
कमी करायचे किती घेशील?
त्यानं थापी पुसली, दोन्ही बांधांकडे पाहिलं.
‘दोन्ही घरांचं एकदम असेल तर सांगतो.
एकटीचं नका करू, बेन.’

फणशांकडे दिवा होता.
त्यांचं एक वाडगं अजून माझ्याकडे आहे,
रिकामं कसं द्यायचं म्हणून राहिलेलं.