हातचा

ग्युम्रीच्या संगीतशाळेत, मागच्या खोलीत
आम्ही तिघं परीक्षक आणि एक शेगडी.
अर्ज त्रेसष्ट. शिष्यवृत्ती एक:
येरेवानात दोन वर्षं, राहायला खोली,
रंगांचा खर्च वेगळा.
एकेकाला तीन मिनिटं. वाळूचं घड्याळ
वराझदातनी घरून आणलेलं,
अंडी उकडायचं.

नाझेलीकडे फोल्डर नव्हतं.
गॅसच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर
कोळशानं काढलेली अकरा चित्रं
आणि ती धरून ठेवलेले लाकडी चिमटे,
कपडे वाळत घालायचे.

चित्रांतही कपडेच. जानेवारीतले.
उणे बावीसमध्ये कडक झालेली विजार
दोरीवरून काढून भिंतीला टेकवलेली,
जणू आत कुणी आहे
आणि थकलंय.
पलंगपोस, मोजे, कुणाचा तरी झगा.
एक सदरा मात्र तिसऱ्या चित्रात होता,
सातव्यात होता, अकराव्यातही होता तिथंच.
बाकीचे कपडे बदलत होते.
त्याला कुणी आत नेत नव्हतं.

अर्जावर वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं:
क्रास्नोदार, गवंडीकाम.
हे दोन्ही एकमेकांना लागून आहे
हे मला घरी गेल्यावर सुचलं,
भांडी घासताना.

शेवटच्या पानावर नेहमीचा प्रश्न:
'तुमच्यातल्या प्रतिभेविषयी किमान दोनशे शब्द लिहा.'
अघासीनं दोनशे चौदा लिहिले होते,
छान, समासासकट,
आजोबांची छिन्नी, दगडाचा गंध, मातृभूमी.
नाझेलीनं लिहिलं होतं:
'कपडे गोठतात तेव्हा माणसांसारखे उभे राहतात.'
सहा शब्द.
मी पेन्सिलीनं मोजले.
दोनदा.

लेखनाचे वीस गुण माझ्याकडे असतात.
हातचं राखून गुण देणारी बाई,
चाळीस वर्षं पोरं मला अशीच ओळखतात,
आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.
मी दोन दिले.
चित्रांचे सत्तेचाळीस, कल्पनेचे एकोणतीस,
माझे दोन. अठ्ठ्याहत्तर.
अघासीचे एक्याऐंशी.

वराझदात म्हणाले, पुन्हा करू या का बेरीज,
कुठं हातचा धरायचा राहिला असेल.
पुन्हा केली. काही राहिलं नव्हतं.
बेरीज बरोबर होती.
शेगडीतला कोळसा संपत आला होता
आणि सगळ्यांनाच घरी जायचं होतं.

मंगळवारी ती चित्रं न्यायला आली.
पायात मोठ्या माणसाचे बूट.
निकाल दारावर होता, तो वाचूनच आत आली असणार.
काही विचारलं नाही.
चित्रं मोजली. मग चिमटे मोजले.
"पाच होते," म्हणाली.
"आईनं मोजून दिलेत."

पाचवा माझ्या घरी होता,
साखरेच्या पुडीला लावलेला.
कसा आला? पिशवीत पडला असेल.
(पडला नव्हता. हाताशी होता, घेतला.)

दुसऱ्या दिवशी द्यायला गेले.
भूकंपानंतर तात्पुरती म्हणून मिळालेली
लोखंडी पेटीसारखी घरं आहेत ना गावाबाहेर,
तात्पुरतं तिथं पस्तिशी ओलांडून बसलंय.
दोरी बाहेरच होती.
सदराही. चित्रात तो मोठा वाटला होता,
इथं लहानखुऱ्या माणसाचा निघाला,
कोपरावर ठिगळ.

आईनं चिमटा घेतला,
माझ्याकडे न बघता
त्याच सदऱ्याच्या उडणाऱ्या बाहीला लावला,
हात एप्रनला पुसले.
मग म्हणाली, "सांगितलं तिनं मला, शब्द कमी पडले.
पुढच्या वर्षी दोनशे लिहील.
मी बसवते तिला रोज रात्री."

मला म्हणायचं होतं, नको.
तोंडापर्यंत आलं होतं.

"हो," म्हणाले,
"लिहू दे."